‘थंडीमुळे रेंज कमी’ या शेऱ्याखाली सही करू नका

प्रश्न : मी कोल्हापूरच्या कळंब्यात राहतो आणि गगनबावड्याला हायस्कूलवर शिक्षक आहे. जाऊन-येऊन रोज ११० किलोमीटर होतात. गेल्या एप्रिलमध्ये १३ लाखांची इलेक्ट्रिक कार कर्जावर घेतली. बॅटरी ३० युनिटची. शोरूममध्ये ‘एका चार्जिंगला ३००’ सांगितलं होतं, प्रत्यक्षात २२०च्या आसपास मिळायचे. शाळेतून घरी आलो की निम्मं चार्जिंग शिल्लक असायचं. डिसेंबरपासून घरी पोचेपर्यंत गाडी २४ टक्क्यांवर येते, म्हणजे रेंज १५०च्या खाली. हीटर मी लावत नाही. सर्व्हिस सेंटरने दोनदा गाडी ठेवून घेतली आणि जॉब कार्डवर ‘थंडीमुळे रेंज कमी, गाडी ओके’ असं लिहिलं. आता ‘समाधान झाले’ या रकान्यात सही मागतात. पैसे परत मिळतील का?

उत्तर : सर, आधी सहीचं बघू. त्या रकान्यात सही करू नका. गाडी ताब्यात घेताना काही लिहावंच लागलं, तर ‘तक्रार कायम, गाडी तपासणीनंतर परत घेतली’ असं स्वतःच्या हाताने लिहा, खाली तारीख टाका आणि तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढा. समाधानाची सही केलेला कागद पुढे ग्राहक आयोगात कंपनीच्या वकिलाच्या हातात असतो. गाडी लवकर घरी न्यायची म्हणून केलेल्या अशा सहीपायी चांगल्या तक्रारी लंगड्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आता थंडीचं. लिथियम बॅटरी गारठ्यात मंदावते हे खरं आहे. आतलं द्रावण घट्ट होतं, विजेला आतून होणारा अडथळा वाढतो, ब्रेक मारताना परत मिळणारी वीजही बॅटरी कमी घेते. पण किती थंडीत किती फरक पडतो, हाच तर प्रश्न आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या उणे ६.७ अंशांत तपासल्या. हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली, हीटर लावल्यावर ४१ टक्क्यांनी. तुमची २२०वरून १५०वर आली, म्हणजे जवळपास ३२ टक्के घट, तीही हीटर न लावता. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो. गगनबावड्याला धुकं पडतं, गारठा थोडा जास्त असतो, पण पाणी काही गोठत नाही. बर्फातल्या गाडीपेक्षा कोल्हापुरातली गाडी जास्त गारठते, हे कंपनीला पुराव्यानिशी सांगावं लागेल. नुसता शेरा मारून ते सिद्ध होत नाही.

रस्त्याचं कारणही टिकणार नाही. करूळचा घाट गगनबावड्याच्या पुढे खाली उतरतो, तुम्ही तो चढत-उतरत नाही. कळे, साळवण करत जाणारा रस्ता उन्हाळ्यातही तोच होता. हंगामात उसाच्या ट्रॉलींमागे रखडावं लागतं, पण सावकाश चालल्याने इलेक्ट्रिक गाडीची रेंज अशी ढासळत नाही.

तरीही बॅटरी खराब आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. टायरमधली हवा, चिकटलेला ब्रेक, काचेचं धुकं घालवायला लावलेला एसी, यांनीही वीज जास्त खर्च होते. म्हणून कंपनीला नोटीस पाठवण्याआधी घरच्या घरी एक तपासणी करा. इलेक्ट्रिशियनकडून चार्जरच्या लाइनवर सबमीटर, म्हणजे फक्त चार्जिंगची वीज मोजणारा वेगळा मीटर, बसवून घ्या. पूर्वी निम्मी बॅटरी भरायला १५ युनिट आणि चार्जिंगमधली गळती धरून १७च्या आसपास लागत असणार. आता २४ टक्क्यांवरून १०० करताना मीटर किती फिरतो ते बघा. २५-२६ युनिट लागले, तर बॅटरी धडधाकट आहे, गाडीच जास्त वीज खाते. मग दोष बॅटरीबाहेर शोधायचा. पण १७-१८ युनिटमध्येच १०० टक्के दाखवत असेल, तर गाडी पूर्वीइतकीच वीज घेते आहे आणि बॅटरीत मावतंच कमी. असं पंधरा दिवस वहीत लिहा : तारीख, सकाळचं तापमान, किलोमीटर, घरी पोचतानाचे टक्के, मीटरचा आधीचा आणि नंतरचा आकडा. रोज मीटरचा फोटो काढा. तुम्ही शिक्षक, वही नीट ठेवणं तुम्हाला सांगायला नको. नोटीस गेल्यावरही ही वही बंद करू नका, होळीनंतर ऊन तापल्यावरचे आकडेही तिच्यात हवेत. थंडी गेल्यावरही रेंज परतली नाही, तर ‘थंडीमुळे’ हा शेरा आपोआप खोटा पडतो. परतली, तर दाव्याचा जोर कमी होईल, हेही आधीच सांगून ठेवतो.

जुनं जॉब कार्डही काढून बघा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला गाडीत सॉफ्टवेअर अपडेट झालं आहे का? बॅटरीतली किती वीज वापरायला द्यायची हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि बॅटरी ज्या छोट्या सेलची बनते त्यातला एखादा कमजोर असेल तर सगळी बॅटरी त्याच्या मापाने चालते. म्हणून सर्व्हिस सेंटरकडे दोन गोष्टी लेखी मागा : बॅटरीच्या आरोग्याचा टक्क्यांतला अहवाल आणि सेलनिहाय व्होल्टेज. तोंडी ‘ओके’ चालणार नाही. वॉरंटी पुस्तिकेत बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल हे लिहिलेलं असतं, बऱ्याच कंपन्या ७० टक्के धरतात. तो आकडा आणि तुमचा अहवाल शेजारी ठेवा.

३००च्या जाहिरातीवर भिस्त ठेवू नका. तो आकडा बहुधा प्रमाणन चाचणीतला, म्हणजे गाडीला मान्यता देताना ठरावीक परिस्थितीत घेतलेल्या चाचणीतला असतो आणि कंपनी तेच सांगेल. जाहिरातीतली बारीक अक्षरातली तळटीप मुख्य दाव्यातला खोटेपणा झाकू शकत नाही, असं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, त्यामुळे जाहिरातपत्रक जपून ठेवा. पण तुमची खरी बाजू आहे ती २२० आणि १५० यांच्यातला फरक. तीच गाडी, तोच रस्ता, तोच चालक.

कायद्याची वाट सरळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे. गुणवत्ता किंवा क्षमतेतली उणीव त्यात येते. शिवाय स्पष्ट शब्दांत दिलेल्या वॉरंटीला उत्पादन उतरलं नाही, तर कलम ८४ खाली उत्पादक जबाबदार धरला जातो, त्याचा निष्काळजीपणा नसला तरी. कंपनी आणि डीलर दोघांनाही पक्षकार करा. आधी दोघांना पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती सांभाळा. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे काही प्रकरणं मिटतात.

नाही मिटलं, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. कंपनी कुठलीही असो, तुम्ही इथे राहता म्हणून तक्रार इथे चालते. मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर अधिकार जिल्ह्याचाच. तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्जातच कलम ३८ खाली गाडी योग्य प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावी अशी विनंती करा. आयोग त्या अहवालावर बरंच काही ठरवतो. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तेवढी तयारी ठेवा. वॉट्सअॅपवरचे निरोप आणि फोटो जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या.

पैसे परत? मागा, पण शेवटची मागणी म्हणून. पहिली मागणी बॅटरी विनामूल्य बदलून द्यावी ही, दुसरी नवीन गाडीची, तिसरी रकमेची आणि सोबत मानसिक त्रास आणि खर्चाची भरपाई. गाडी बरीच फिरलेली आहे. थेट पूर्ण रक्कम मागितली की समोरचा वकील तेच धरून बसतो.

आणि बँकेचे हप्ते चुकवू नका. गाडीतल्या दोषाशी बँकेचा संबंध नाही, थकलेला हप्ता तुमच्याच नावावर चढेल. तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत उतरवून घ्या आणि त्याची प्रत मागा. प्रत हातात मिळेपर्यंत गाडीची किल्ली देऊ नका.