मिस्त्री, जरा विचारायचं होतं : दीड लाखाचं मशीन आणि बाराशेचं पातं

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी नाशिकला फर्निचरची कामं घेतो. वय ३१, हाताखाली दोन पोरं. महिन्याला साधारण दोन किचन होतात. अजून प्लाय चार इंची कटरनेच कापतो. मागच्या महिन्यात एका साइटवर फेस्टूलचा ट्रॅक सॉ, म्हणजे पट्टीवरून सरकवत सरळ कापायचं मशीन, चालताना पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मशीन, पट्टी आणि व्हॅक्यूम धरून दीड लाखाच्या आसपास जातंय. हप्त्यावर घेऊ का? बायको म्हणते, आधी काकांना विचारा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्यांना नमस्कार सांगा. हिशेब त्यांनाच कळतो असं दिसतंय.

दीड लाखाचं नंतर बघू. आधी तो चार इंची कटर. मला तोच जास्त महाग वाटतो. ते दगड कापायचं मशीन आहे. मार्बल, कडाप्पा, टाइल यासाठी केलेलं. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. लाकडाचा सात इंची सर्क्युलर सॉ पाच-साडेपाच हजारांत भागवतो. शिवाय लाकडाच्या सॉला खालून आपोआप मिटणारं झाकण असतं, कटरला नसतं. दगडाच्या हिऱ्याच्या पात्याला दात नाहीत, त्यामुळे ते अडकून उसळण्याची भीती कमी. आपण तिथे दातांचं पातं चढवतो आणि वर झाकणही काढून ठेवतो, कारण रेघ दिसत नाही. २००९ साली मी हेच केलं. प्लायचा कापलेला तुकडा खाली झुकला, फटीने पातं आवळलं, मशीन माझ्याकडे उसळलं. डाव्या अंगठ्याचं नख आजही मधोमध चिरून दोन फाकांत वाढतं. तेव्हा ट्रॅक सॉ घ्या न घ्या, कटरने लाकूड कापणं या महिन्यात बंद करा.

आता तुमचं मशीन. फेस्टूल ही जर्मनीतली, स्टुटगार्टकडची कंपनी. १९२५ सालची. पट्टीवरून सॉ चालवायची युक्ती त्यांनी साठच्या दशकात बाजारात आणली, म्हणजे नवी नाहीच. त्यांच्या टीएस ५५ या मॉडेलच्या नावातले ५५ म्हणजे तेवढे मिलिमीटर खोल कापतं. पातं एरवी खोळीत असतं, दाबलं की खाली उतरतं, सोडलं की आत जातं. पट्टीच्या कडेला रबराची किनार असते. ती सनमायका पात्याला लागून दाबून धरते, म्हणून कड फुटत नाही. भुसा नळीतून व्हॅक्यूममध्ये जातो. पैसे आहेत ते या तिन्हीचे. मोटर सगळ्यांचीच फिरते.

हे सगळं खरं असतं का? असतं. २०१७ साली कोल्हापूरला एका बंगल्यात १४ दारं बसवून झाली आणि मालकांनी टाइलवर आणखी एक थर चढवला. प्रत्येक दार खालून आठ मिलिमीटर कमी करायचं, वर सागाचं विनियर, पॉलिश झालेलं. विनियर आडवं कापायचं म्हणजे रेषा सोडून शीर उचकटणारच. ओळखीच्या एकाकडून पट्टीवाला सॉ दोन दिवस आणला. आधी दोन मिलिमीटर खोल नुसती चीर, मग त्याच पट्टीवरून पूर्ण काप. चौदाही दारांना हात फिरवून पाहिला, एकही कपची उडाली नव्हती. दोन महिन्यांत मीही घेतला. दुसऱ्या कंपनीचा, बऱ्याच कमी पैशांत.

पण तुमच्या हिशेबात एक चूक आहे. सोबत मिळते ती पट्टी बहुतेक १४०० मिलिमीटरची. प्लायचा शीट ८ फूट, म्हणजे २४४०. लांबीत कापायचा तर दुसरी पट्टी आणि दोन्ही जोडायचे तुकडे, नाहीतर एक लांब पट्टी. ती तुमच्या गाडीत मावते का बघा. दुकानदार हे बिल झाल्यावर सांगतो. दुसरी गोष्ट, मकिताचा ट्रॅक सॉ फेस्टूलच्या पट्टीवर चालतो आणि बॉशचा माफेलच्या पट्टीवर. पण या दोन जोड्या एकमेकांत बसत नाहीत. म्हणजे पट्टी कुठली घेतलीत त्यावर पुढच्या दहा वर्षांचा पक्ष ठरतो.

आता कमाई. एका किचनला वीसेक शीट धरा. कटरने कापून मग रंधा मारून कड सरळ करायला माझी शीटमागे दहा मिनिटं जायची. वीस शीटना दोनशे मिनिटं, दोन किचनना महिन्याचे साडेसहा तास. एक मिस्त्री, एक हेल्पर धरून दिवसाची हजेरी दोन हजार म्हटली तर महिन्याला दोन हजारही नीट सुटत नाहीत. नुसत्या वाचलेल्या वेळेतून पैसे वसूल व्हायला सात वर्षं तरी लागतील. हप्ता तेवढा थांबणार नाही.

खरी बचत खराब होणाऱ्या शीटमध्ये आहे. १९ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणि वर दोन्ही बाजूंना सनमायका म्हटलं की एक शीट पाच हजारांच्या पुढे. कड फुटली म्हणून महिन्याला तुमचा एक शीट वाया जात असेल, तर वर्षाला साठ हजार. मग दीड लाख अडीच वर्षांत निघतो. जात नसेल तर निघत नाही. तेव्हा तीन महिने वहीत लिहा, किती तुकडे कडेमुळे टाकले. भिंतीवर खडूने लिहू नका, पोरं पुसतात.

आणि जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. हल्ली पॅनल सॉवर, म्हणजे टेबलाच्या मोठ्या मशीनवर, शीट कापून आणि कडेला पट्टी चिकटवून (एज बँडिंग) देणारी दुकानं बहुतेक शहरांत झाली आहेत. अंबड-सातपूरकडे चौकशी करा. तिथला काप दीड लाखाच्या हातमशीनपेक्षा सरस येतो, कारण तिथे मुख्य पात्याच्या पुढे एक छोटं पातं असतं, ते खालची सनमायका आधी चिरून ठेवतं. किचनचे डबे तिथून कापून आणा. मग साइटवर उरतात फिलर, स्कर्टिंग, दारं. त्यासाठी दीड लाख?

माझं म्हणणं सांगतो. आत्ता सात इंची चांगला सॉ घ्या आणि त्यासोबत आलेलं पातं बाजूला ठेवा. सनमायकासाठी ६० दातांचं, बारीक किर्फचं, म्हणजे बारीक चीर पाडणारं पातं लावा. बाराशेच्या आसपास मिळेल. मशीन नुसतं फिरवतं, कापतं ते पातं. हे आमच्या वडिलांनी करवतीला कानस मारताना सांगितलं होतं, पण मला कळायला वीस वर्षं गेली.

पट्टी घरी करा. ६ मिलिमीटर प्लायची आठ फुटी, दहा इंच रुंद पट्टी घ्या. तिच्यावर एका कडेला चार इंच रुंद, १२ मिलिमीटरची पट्टी फेव्हिकॉल आणि स्क्रूने लावा. या वरच्या पट्टीची आतली कड कारखान्यातून आलेली, न कापलेली हवी. सॉ तिला टेकवून एकदा शेवटपर्यंत चालवा. खालच्या प्लायची जास्तीची कड कापली जाते आणि जिथे पातं चालतं नेमकी तिथेच तिची नवी कड तयार होते. पुढे ही कड पेन्सिलच्या रेघेवर ठेवायची, दोन्ही टोकांना शिकंजे, की चालू. पातं बदललंत, जाड-बारीक झालं, तर नवी पट्टी करा. एक तासाचं काम आहे.

वर्षभर यावर काढा. तरीही साइटवरचं काम वाढत गेलं, मालक विनियरचं काम देणारे आणि रोख पैसे मोजणारे असले, तर ट्रॅक सॉ घ्या आणि हप्त्यावर घेऊ नका.

एक आणखी, हे कंपन्यांना आवडणार नाही. माझं एक महागडं मशीन, कोणतं ते लिहीत नाही, ऐन जुलैत बंद पडलं. आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला. पुण्याला पाठवलं, तिथून आणखी कुठेतरी गेलं, ४७ दिवसांनी परत आलं. त्याच पावसाळ्यात माझ्या जुन्या ड्रिलचं आर्मेचर, म्हणजे मोटरची फिरती गुंडाळी, जळालं. इथे मिरजेत स्टेशन रोडच्या एका वाइंडरकडे सकाळी दिलं, संध्याकाळी घेऊन आलो. गावाकडे लोडशेडिंग आणि कमी व्होल्टेज असेल तर हा फरक किमतीत धरा.

प्रश्न : माझी मुलगी-जावई डॅलसला असतात. दिवाळीला येताना जावई म्हणतात, तिकडे सेलमध्ये चांगली हत्यारं निम्म्या भावात मिळतात, बाबा, यादी पाठवा. काय काय मागवू?
— एक सेवानिवृत्त वाचक, रत्नागिरी

उत्तर : जावई चांगला आहे, यादी छोटी ठेवा.

वायरचं काहीही मागवू नका. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. तिकडचं वायरचं मशीन इथल्या सॉकेटमध्ये लावलंत तर आवाज येईल, मग वास येईल. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं म्हणतात, पण मोठ्या सॉला लागणारा ट्रान्सफॉर्मर उचलायला जावयांनाच बोलवावं लागेल.

बॅटरीचं चालेल, पण चार्जर बघा. मशीनला वीज कुठली हे कळत नाही, चार्जरला कळतं, आणि तिकडचे बरेच चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात. पाठीवरच्या पाटीवर १०० ते २४० लिहिलंय का ते वाचून, फोटो काढून मग घ्यायला सांगा. पाटीवर नसेल तर त्या बॅटरीचा चार्जर इथे मिळतो का ते आधी बघा. यात एक गंमत आहे. अमेरिकेत डेवॉल्टची जी बॅटरी २० व्होल्ट म्हणून विकतात तीच युरोपात १८ म्हणून विकतात. आत सेल पाच. भरलेला असताना एक सेल साधारण ४ व्होल्ट, कामाला लागला की ३.६. आकडा मोठा दिसतो, जोर तेवढाच.

विमानात मशीन चेक-इनच्या बॅगेत आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. १०० वॅट-तासांपर्यंत अडवत नाहीत. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९०, बसतं. गॅरंटी बहुधा तिकडेच राहते, हे गृहीत धरा.

मी असतो तर मशीन न मागवता चांगल्या पटाश्यांचा संच मागवला असता. त्यांना व्होल्टेज लागत नाही.

प्रश्न : मी शाळेतून निवृत्त झाले. ठाण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत छोटे चौरंग, पेट्या करते. पॉलिश पेपर घासून मनगट दुखतं. बाराशेचा सँडर घ्यावा की लोक सांगतात तसा महागाचा? इतके पैसे छंदावर घालणं मनाला पटत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, नाशिकच्या भावाला मी थांबवलं, तुम्हाला मात्र खर्च करा म्हणतो. सँडर हे एकच मशीन असं आहे जिथे स्वस्तातलं घेतलं की किंमत शरीर देतं. स्वस्त सँडर हाताला झिणझिण्या आणतो आणि त्याची छोटी पिशवी बारीक धूळ धरत नाही, उलट हवेत फवारते. जाड भुसा खाली पडतो, दिसतो, झाडून निघतो. जो दिसत नाही तो छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातली. सागाच्या धुळीने तर कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. आमचे वडील रात्री उठून खोकायचे आणि आई म्हणायची, विडी सोडा. ते विडी ओढतच नव्हते.

पाच इंची, वेल्क्रोच्या चकतीचा, कमी थरथरणारा सँडर घ्या आणि त्याची नळी व्हॅक्यूमला जोडा. घरचा व्हॅक्यूम सुरुवातीला चालेल, फक्त पिशवी वरचेवर बदला. पेपर मिर्काचा जाळीचा मिळाला तर बघा, फिनलंडचा आहे. जाळीतून धूळ आरपार ओढली जाते, पेपर चोंदत नाही. महाग वाटतो पण बरेच दिवस टिकतो. तोंडाला मास्क तरीही हवा.

बाकी सगळं हाताने करा. आमच्या मिरजेत सतारी-तानपुरे करणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना आजही कानस आणि पटाशीचाच आवाज येतो. पेटीला तुम्हाला चांगली बारीक करवत, धार लागलेला छोटा रंधा आणि काटकोन बघायला न चुकणारा गुण्या पुरतो. गुण्या घेताना दुकानातच कागदाच्या सरळ कडेला टेकवून एक रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारा. रेघा फाकल्या तर गुण्या परत करा.

प्रश्न : देशी बनावटीची मशीनं अगदीच टाकाऊ असतात का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मुळीच नाही. माझ्या दुकानापासून तासाभराच्या आत शिरोळला केपीटीचा, म्हणजे पूर्वीच्या कुलकर्णी पॉवर टूल्सचा कारखाना आहे. त्यांचा ब्लोअर माझ्याकडे १९९४ पासून आहे. मोटरचे कार्बन ब्रश किती वेळा बदलले त्याचा हिशेब नाही, पण रोज संध्याकाळी दुकान झाडून झालं की त्यानेच मशीनं फुंकतो. रॅलीवुल्फचं वडिलांचं ड्रिलही आहे, हातात धरलं की खांदा दुखतो, पण वजन सोडलं तर तक्रार नाही. देशी सॉ किंवा राऊटरमध्ये (लाकडात खाचा-कडा कोरायचं मशीन) बैठक सरळ आहे का ते काचेवर ठेवून बघा. डुगडुगलं तर दुसरं मागा. माझ्या राऊटरच्या वेळी दुकानदाराने चार डबे फोडले होते, पाचवा सरळ निघाला.