चेटकीण झालेल्या मुलीच्या आईला

*"मावशी, माझी मुलगी दुसरीत आहे. रंगाने माझ्यावर गेलीय. शाळेच्या गॅदरिंगला 'हिमगौरी आणि सात बुटके' बसवलंय आणि तिला चेटकीण राणी केलंय. घरी येऊन एवढंच म्हणाली, 'हिमगौरी गोरीच लागते ना, आई.' रडली नाही. पण परवा माझ्या मोबाइलवर फिल्टर लावून स्वतःचा फोटो काढला आणि विचारलं, 'मी अशी कधी होणार?' सासूबाई तिला दुपारी अंगणात खेळू देत नाहीत, काळी पडेल म्हणून. मीही ती तान्ही असल्यापासून साय आणि डाळीचं पीठ लावत आलेय. मला दोन ठिकाणांहून रंगावरून नकार आला होता, ते अजून मनातून जात नाही. परीकथांची पुस्तकं माळ्यावर टाकून देऊ का? बाईंना जाऊन जाब विचारू का? – एक आई, कराड"*

बाळा,

तुझ्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबले. 'लागते'. पोळीला कणीक लागते, तशी हिमगौरी गोरीच लागते. तुझ्या लेकीने ही गोष्ट जगाचा नियम म्हणून स्वीकारलीय, म्हणून ती रडली नाही. मला त्या न रडण्याचीच जास्त काळजी वाटते.

यात तिचं मन कमकुवत आहे असं मुळीच समजू नकोस. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९४०च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडली, काही खोलीतून पळून गेली. तुझी लेक याच वयाची आहे. या वयाच्या मुलांना आजूबाजूचं सगळं समजतं, फक्त त्यावर वाद घालता येत नाही.

आता पुस्तकांचं. माळ्यावर टाकू नकोस. टाकलीस तर ती गोष्ट तिच्याजवळ बाईंनी सांगितली तशीच उरेल. ही गोष्ट छापणाऱ्या जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात ती मुलगी बर्फासारखी पांढरी, रक्तासारखी लाल आणि केसांनी काळ्या शिसवीसारखी आहे. तीन रंग होते. नावात मात्र तिथेही बर्फाचा पांढराच आला, आणि मराठीत येताना तो 'गौरी' झाला. आपल्याकडे मुलगी चांगली म्हणायची तर आधी गोरी म्हणायची, या सवयीत ते नाव अगदी चपखल बसलं. दादाकडे गोरीपान वहिनी मागणारं गाणं मी स्वतः किती पोरांकडून बसवून घेतलं असेल! कधी मनाला शिवलंही नाही. आज शिवतं.

ती गोष्ट लेकीला मांडीवर घेऊन पुन्हा वाच आणि मध्ये मध्ये थांब. बुटके हिमगौरीला घरात ठेवून घेताना काय अट घालतात? स्वयंपाक करायचा, बिछाने घालायचे, धुणं, शिवण, विणकाम, घर स्वच्छ ठेवायचं. सात जणांचं! तिला विचार, 'तू असतीस तर काय म्हणाली असतीस?' तीन वेळा दारात अनोळखी बाई येते आणि तिन्ही वेळा ही फसते. का गं फसते? आणि ग्रिमच्या गोष्टीत राजपुत्राच्या चुंबनाने ती जागी होत नाही. काचेची पेटी नेताना नोकर अडखळतात, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. हे ऐकून मुलं फार हसतात. हसता हसता त्यांना कळतं की गोष्ट कोणीतरी रचलेली असते, आणि रचलेली गोष्ट आपल्यालाही बदलता येते.

आपल्या श्रावणातल्या कहाण्याही अशाच थांबून थांबून वाच. शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून उष्टं खाते, जाडंभरडं नेसते, गुरांच्या बेड्यात राहते आणि देवाकडे मागते काय, तर सासरच्यांना मी आवडती होऊ दे. लहानपणी मला ती कहाणी ऐकताना गहिवरून यायचं. आता वाटतं, तिने स्वतःसाठी एखादं नवं लुगडं तरी मागायला हवं होतं.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, जपून ऐक. १८१२ साली ही कथा पहिल्यांदा छापली गेली तेव्हा आरशाला 'सर्वांत सुंदर कोण' विचारणारी राणी सावत्र नव्हती. सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं. तू तशी आहेस असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण घरातला आरसा बहुतेक वेळा आपल्याच माणसांच्या आवाजात बोलतो. सात वर्षं रोज तुझा मायेचा हात तिच्या गालावरून फिरला, आणि त्या हाताने तिला सांगितलं की हा गाल अजून पुरेसा झालेला नाही. तुला ते म्हणायचं नव्हतं, मला ठाऊक आहे. तुला तिला त्या दोन नकारांपासून वाचवायचं होतं. पिठाने रंग बदलत नाही, तो जन्माने मिळालेला असतो. साय थंडीत त्वचा मऊ राहावी म्हणून लाव, हरकत नाही, आणि तसं तिला सांगून लाव. मात्र दुकानातून कोणी सुचवलेली 'गोरं करणारी' मलमं तिच्या चेहऱ्याला कधीही लावू नकोस. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते, पुरळ येतं आणि मग ते सोडवणं फार जड जातं.

गोरेपणाच्या क्रीमचा बाजार आपल्या देशात १९७५पासून फोफावला. गोरी झाली आणि नोकरी मिळाली, गोरी झाली आणि स्थळ आलं, हे दाखवणाऱ्या जाहिराती बघत तू मोठी झालीस. त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या क्रीमने २०२०मध्ये नावातला गोरेपणाचा शब्द काढला आणि तिथे चमक आणली. शब्द गेला, पण तुझ्या मोबाइलमधला फिल्टर आज तेच काम फुकटात करतोय. लेकीला तो कसा चालतो ते दाखव. तोच फिल्टर आजोबांवर लाव, स्वतःवर लाव. सगळ्यांनाच तो पांढरं करतो हे तिने डोळ्यांनी बघू दे.

'मी अशी कधी होणार?' याला उत्तर दे: 'नाही होणार, बाळा. तुझा रंग माझा आहे, तो असाच राहणार.' हसून, तिच्याकडे बघत. 'तू काळी कुठे आहेस, सावळी आहेस' असं मात्र म्हणू नकोस. सावळी, गव्हाळ, निमगोरी, उजळ ही सगळी लग्नाच्या बाजारातली मापं आहेत. 'काळी, पण नाकीडोळी नीटस' यातला तो 'पण' मुलीला बरोबर ऐकू येतो. काळी हा शब्द घरात मोकळेपणाने वापर. तू कृष्णेच्या काठी राहतेस, त्या नदीच्या नावाचा अर्थच काळी. द्रौपदीचं नाव तिच्या रंगावरून कृष्णा. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. संक्रांतीला आपण हौसेने काळी चंद्रकळा नेसतो. यातलं काही मुलीची समजूत काढण्यासाठी शोधून आणावं लागत नाही, सगळं घरातच आहे.

सासूबाईंशी वाद नको. त्यांनीही हे सोसलेलं असणार, विचारून बघ एकदा. कडक ऊन टळल्यावर चार-साडेचारला लेकीला खेळायला सोड आणि त्यांना सांग, 'धावली नाही तर जेवत नाही ती.' काळी पडण्याचा विषय काढूच नकोस.

बाईंकडे जा, पण जाब विचारायला नको. नाटकातल्या भूमिका कशा ठरवता, एवढंच विचार. पुढच्या वर्षी मुलांकडून संवाद म्हणून घेऊन भूमिका द्याव्यात असं सुचव. आणि यंदाची भूमिका बदलून मागण्याआधी लेकीला विचार, चेटकीण व्हायला आवडतंय का? कदाचित आवडत असेल. आरशाशी बोलायचं, वेषांतर करायचं, खोटं हसायचं, त्या नाटकातलं सगळं अभिनयाचं काम त्या राणीलाच आहे.

गॅदरिंगच्या दिवशी रंगभूषेच्या खोलीत सगळ्या पोरांच्या तोंडाला एकच गुलाबी-पांढरा थर फासतात. त्या दिवशी तू लवकर जा. पावडर त्यांच्या हातून घे, काजळ घाल, ओठ रंगव, चेहऱ्याचा रंग तसाच राहू दे. आणि नाटक झाल्यावर फोटो काढताना नेहमीसारखी मागे सरकू नकोस. तिच्या गालाला गाल लावून उभी राहा.

तुझी,
मावशी