पॉलिसी नंतर घेता येईल ताई, आधी मुलांच्या हक्काचं आणा

प्रश्न : नागपुरात नंदनवनला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. यजमान हिंगणा एमआयडीसीतल्या कंपनीत होते. दोन वर्षांपूर्वी नोकरीत असतानाच आजारपणात गेले. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. मी गांधीबागेत कापडाच्या दुकानात ११,००० रुपयांवर काम करते, लाडकी बहीणचे १,५०० येतात. पीएफ आणि विम्याचे मिळून ४,२०,००० रुपये बचत खात्यात आहेत. दीर म्हणतात, मुलांच्या नावानं वर्षाला ६०,००० हप्त्याची १५ वर्षांची पॉलिसी घे, एजंट ओळखीचा आहे. घेऊ का?

ताई, नका घेऊ. दिरांच्या मनात मुलांचं भलंच आहे, पण हा हप्ता तुमच्या घराला पेलणारा नाही. वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. पगारातून ते निघणार नाहीत, म्हणजे शिलकेतूनच भरणार. ४,२०,००० बरोबर सात हप्त्यांत संपतात. आठव्या हप्त्याच्या वेळी मुलगी चौदाची, दहावीच्या उंबरठ्यावर, आणि हातात अर्धी पॉलिसी. मध्येच बंद केली तर भरलेल्या पैशाला कात्री लागते. नेटानं पूर्ण केली तरी अशा पारंपरिक पॉलिसीत वाढ साधारण ५-६ टक्क्यांच्या आसपासच पडते.

तुमच्या पत्रात मला जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. यजमानांच्या पगारपत्रकाचा फोटो तुम्ही पाठवला आहे. चार घड्या पडलेल्या त्या कागदावर कपातीच्या रकान्यात ‘पीएफ १,८००’ असं स्वच्छ दिसतंय. १,८०० म्हणजे १५,००० चे १२ टक्के. अशी कपात होते तेव्हा मालकाच्या वाट्यातले १,२५० रुपये सहसा पेन्शन खात्यात जातात, आणि मालक वेगळी वर्गणी भरून कामगाराचा विमाही उतरवतो. तुम्हाला पीएफची रक्कम मिळाली. पेन्शनचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठंच नाही, आणि विम्याचे जे पैसे आले ते याच विम्याचे का, तेही कळत नाही. नसतील तर तेही मागा.

नोकरीत असताना कामगार गेला तर या ईडीएलआय विम्यातून कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. सलग १२ महिने नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख. शिवाय विधवा पेन्शन, महिन्याला किमान १,०००. आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना प्रत्येकी त्या पेन्शनचा चौथा हिस्सा, किमान २५०, वेगळा. दोन वर्षं उलटली म्हणून हक्क बुडत नाही. पेन्शनसाठी फॉर्म १० डी, विम्यासाठी फॉर्म ५ आयएफ. कंपनीनं सही द्यायला टाळाटाळ केली तर अडून बसू नका, थेट भविष्य निर्वाह निधी कार्यालयात जा. सोबत मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, बँक पासबुक आणि यजमानांचा यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, न्या. एका खेपेत काम होणार नाही. दुकानातून सुट्टी मागावी लागेल, तरी जा.

दुसरं, बालसंगोपन योजना. ती फक्त अनाथांसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं, पण एक पालक गमावलेल्या मुलांनाही लागू होते. १८ वर्षांपर्यंत एका मुलामागे महिन्याला २,२५०, म्हणजे तुमच्या घरात ४,५००. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. हे पैसे कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात, म्हणून त्यांवर किराणा आणि घरभाडं बेतू नका. शाळेच्या खर्चाला ठेवा.

आता शिल्लक. ७०,००० खात्यातच राहू द्या, दुखण्याखुपण्याला. ३ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका. सध्याच्या ७.४ टक्के दरानं महिन्याला १,८५० रुपये हातात येतात. मुदत पाच वर्षं, पण अगदी गरज पडली तर वर्षभरानंतर थोडी कपात सोसून मुद्दल काढता येतं. उरलेले ५०,००० वर्षभराच्या मुदत ठेवीत. विम्याची रक्कम आली की पुढचं ठरवू.

मुलीचं सुकन्या खातं मात्र दहाव्या वाढदिवसाआधी उघडायलाच हवं. महिन्याला १,००० पुरेत, लाडकी बहीणच्या पैशातून काढा. आजचा ८.२ टक्के दर टिकला असं धरलं तर ती १८ ची होईपर्यंत दोन लाखांच्या वर जमतात, आणि त्यातले निम्मे शिक्षणासाठी काढता येतात. एखाद्या वर्षी ओढाताण झाली तर २५० रुपये भरूनही खातं चालू राहतं. पॉलिसीत ही सवलत नसते. फक्त पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. तिच्या कॉलेजची धास्तीही आतापासून नको. २०२४-२५ पासून आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे.

विमा हवा, पण तो तुमचा. घर तुमच्यावर उभं आहे. बँकेतच जीवन ज्योती विमा घ्या, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख. वय ५० च्या आत हवं. सोबत २० रुपयांचा सुरक्षा विमा, अपघातासाठी २ लाख. नॉमिनी नीट भरा. मुलं अल्पवयीन आहेत, तेव्हा त्यांच्या वतीनं कोण, तेही लिहावं लागेल. दीर विश्वासाचे असतील तर त्यांचं नाव घाला. त्यांना हे उत्तर वाचायला द्या आणि पीएफ ऑफिसात सोबत यायला सांगा.

आणि ते पगारपत्रक आज पुन्हा घडी घालू नका. घडीवरचा आकडा पुसत चाललाय. आधी दोन झेरॉक्स काढा.