कपलिंग बदलण्याआधी ड्रम उघडा

बोटीच्या ट्रेलरचं कपलिंग (ट्रेलर गाडीला जोडणारा पुढचा भाग) बदलायचं का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझाच जुना ट्रेलर डोळ्यांसमोर आला. विलायती बनावटीचा, बोटीबरोबर मुंबईहून आलेला. तुम्ही लिहिता, ब्रेक मारला की कपलिंगमधून खाडकन आवाज, मागे घेताना एक चाक जाम, आणि फिटर म्हणतो, ‘नवीन कपलिंग टाका, सगळं ठीक होईल.’ मलाही अगदी हेच सांगितलं होतं. कृपया एवढ्यावर पैसे घालू नका.

मी मेकॅनिक नाही, जे भोगलं तेवढंच सांगतो. जॅक कुठे लावायचा, चाकाला दगड कसा द्यायचा हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझं नवीन कपलिंग बसलं, पण ब्रेक कमी लागत होता. वर्कशॉपवाल्याने (नाव घेत नाही) खाली वाकून कपलिंगपासून चाकांच्या ब्रेककडे जाणारा मधला रॉड ताणून दिला. ट्रेलरचा हँडब्रेक दोन खटक्यांत घट्ट बसायला लागला, म्हणून मलाही काम चोख वाटलं. ब्रेकचे ड्रम (चाकाबरोबर फिरणाऱ्या वाट्या) त्याने उघडलेच नव्हते. आत ड्रमवर दाबल्या जाणाऱ्या शूचे लायनर, म्हणजे घासणारे अस्तर, झिजलेले, शू आणि ड्रम यांच्यात भली मोठी फट, आणि ती फट त्याने रॉड ओढून भरून काढलेली. इथेच सगळं बिघडलं. या ब्रेकला गाडीतून पाइप येत नाही. ट्रेलर गाडीला मागून ढकलतो, कपलिंगची नळी आत सरकते आणि रॉड ओढला जातो. रॉड आधीच ताणलेला असेल तर शू सुटतच नाहीत, घासत राहतात.

इगतपुरी सोडून कसारा घाट उतरायला लागलो. उतारावर ट्रेलर सतत ढकलतच असतो. अर्ध्या घाटात जळका वास आला. बाजूला थांबून पाहिलं तर डाव्या चाकाच्या हबमधलं (मधल्या, बेअरिंगच्या भागातलं) ग्रीस वितळून रिमच्या आतून काळ्या रेघा उडालेल्या, ड्रममधून धूर. पुतण्या पाण्याची बाटली घेऊन धावला, मी त्याचा हात धरला. तापलेल्या ड्रमवर गार पाणी कधीही ओतू नका, तडा जातो. बेअरिंग गेलं, दोन्ही ड्रम आणि शू गेले, कपलिंगच्या दुप्पट खर्च झाला. वर्कशॉपमध्ये विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘बोट जड असेल.’ ड्रम न उघडता ब्रेकचं काम केलं असं म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो, हे माझं ठाम मत आहे.

क्रम असा ठेवा. हँडब्रेक पूर्ण खाली, कपलिंगची नळी पूर्ण बाहेर, रॉड सैल. मग एकेक चाक उचलून पुढच्याच दिशेने फिरवत ड्रमच्या मागच्या प्लेटवरचा अॅडजस्टर (शूची फट कमी-जास्त करणारा स्क्रू) चाक अडेपर्यंत आवळा, आणि चाक मोकळं फिरेल इतकाच मागे सोडा. दोन्ही चाकं झाल्यावरच रॉडमधली ढिलाई काढा, तीही फक्त ढिलाई.

तुमचं मागे जाताना अडकणं मला वेगळं वाटतं. जुन्या ट्रेलरला कपलिंगवर एक खटका असतो, तो पाडून रिव्हर्स घ्यायचा. नंतरच्या ड्रममध्ये ऑटो-रिव्हर्स (मागे जाताना ब्रेक आपोआप सोडणारी रचना) आलं आणि खटका गेला. जुने ड्रम ठेवून खटका नसलेलं नवं कपलिंग लावलंत तर चाकं मागे जाताना जाम होणारच. म्हणून बदलायचंच तर ड्रम आणि कपलिंग दोन्ही एकत्र बदला. नव्या कपलिंगच्या पट्टीवर वजनाची मर्यादा कोरलेली असते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, तीत तुमचा बोटीसकट ट्रेलर बसायला हवा. ‘मोठं घेतलेलं बरं’ हा हिशेब इथे चालत नाही. जड कपलिंगचा डॅम्पर (नळीचा धक्का झेलणारा भाग) हलक्या बोटीने दबतच नाही, मग ब्रेक लागणार कुठून?

तो खाडकन आवाज बहुतेक डॅम्पर मेल्याचा. हँडब्रेक ओढून ट्रेलर मागे ढकलून पाहा. नळी जोर घेत हळू आत जाऊन आपोआप बाहेर आली तर ठीक, सरळ आपटली तर गेला.

गाडीच्या हिचचा बॉलही (ज्यावर कपलिंग बसतं तो गोळा) मोजा. 50 मिलिमीटर आणि 2 इंच (50.8) दिसायला सारखेच. 2 इंचाचं कपलिंग 50 च्या बॉलवर ढिलं राहतं आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतं. ट्रेलर सुटल्यास त्याचा हँडब्रेक ओढणारी वायर गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. गरम हब एकदम गार झाला की सीलमधून पाणी आत ओढतो. अर्धा तास थांबा, दिव्यांची पिन काढा, घरी आल्यावर ड्रम स्वच्छ पाण्याने धुवा. पाणी गोडं असलं तरी गाळ आत जातोच.

ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, तुमचे कागद कोणत्या स्थितीत आहेत ते आधी तपासा. आणि जुन्या कपलिंगच्या पट्टीवरचे आकडे तारेच्या ब्रशने घासून वाचता आले तर इथे लिहा, मी पाहून सांगतो.