वर्कशॉपमध्ये टाटा 407 ट्रकची केबिन उचलायला घरी बनवलेली गँट्री (दोन पायांवर आडवा गर्डर टाकलेली वजन उचलायची चौकट) चालेल का? गर्डर कोणता घ्यावा, खर्च किती येईल?

चालेल. आमच्या वाडीच्या गॅरेजात तीच चालते. भाड्याच्या हायड्रा क्रेनपेक्षा माझा तिच्यावर भरवसा जास्त आहे.

आमची गँट्री बनली तीसुद्धा एका 407 पायीच. केबिनखाली चेसिस सडली होती, केबिन उतरवल्याशिवाय प्लेट मारणं शक्य नव्हतं. हायड्रा बोलावली. शेड बुटकी, बूम तिरपा घालावा लागला, केबिन झुलली आणि दाराचा खांब चेपला. ड्रायव्हर भाडं घेऊन निघून गेला, डेंटिंग आमच्या माथी.

तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "गँट्रीवर कायले पैसे घालून राह्यला? वर कैची हाये ना, तिलेच लटकव चेन पुली." त्यावरून आमचं वाजलं ते अजून मिटलेलं नाही. कैची म्हणजे छताचे पत्रे पेलणारा अँगलचा सांगाडा, तो बनतो पत्रे आणि वाऱ्याच्या हिशोबाने. कैचीच्या खालच्या अँगलला दोन जोडांच्या मध्ये टनभर वजन लटकवलं की तो वाकणारच. त्याच्यामागे पूर्ण शेड येऊ शकते.

मी 200 चा, म्हणजे 200 मिमी उंचीचा, आय गर्डर घेतला, मीटरला साधारण 25 किलोचा. दोन पायांमधल्या 12 फुटांच्या अंतराला एक टनासाठी 150 चाही हिशोबात बसतो, पण 200 चा लचकत नाही. दोन्हीकडे पाइपचे ए आकाराचे पाय, वर 8.8 ग्रेडचे नटबोल्ट, दोन टनी चेन पुली. चाकं फक्त रिकामी गँट्री सरकवायला. केबिन लटकलेली असताना गँट्री जागची हलवायची नाही, खालून चेसिस ढकलून बाहेर काढायची.

उचलायचे बेल्ट थेट केबिनच्या छतावरून आवळू नका, छताच्या कडा आत दबतात. वर केबिनच्या रुंदीपेक्षा लांब आडवा पाइप लावा, म्हणजे दोन्ही बाजूंचे बेल्ट सरळ खाली येतील. डॅशबोर्डमुळे पुढचा भाग जड असतो, त्यामुळे हुक मधोमध धरला तर केबिन नाक खाली घालते. चार बोटं उचलली की थांबा आणि चारही बाजूंनी वाकून बघा. स्टिअरिंगचा जॉइंट, वायरिंगचे कपलर, ब्रेकचा पाइप सगळं सुटलेलं असतं आणि इंजिनमागची अर्थिंगची पट्टी तेवढी ताणलेली दिसते. ती सोडायची हमखास राहते.

खर्च लोखंडाच्या त्या दिवसाच्या भावावर आहे. गर्डर जुना चालेल, पण चेन पुली आणि बेल्ट नवेच घ्या, वजनाचा शिक्का बघून. एक टनी बेल्ट जांभळा येतो, दोन टनी हिरवा.

हो, फरशी काँक्रीटची हवी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाय समपातळीत राहत नाहीत. वेल्डिंग चांगल्या हाताकडून करून घ्या. पहिल्यांदा केबिन नाही, तोललेलं भंगार उचला, सव्वापट वजनाचं, जमिनीपासून वीतभरच. लटकत्या केबिनखाली कोणी जायचं नाही.

आणि तुमच्याकडे कोणी आधीच कैचीला पुली लावली असेल तर खालच्या अँगलला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून बघा. भावाच्या शेडमध्ये मी हे करून दाखवलं, मधे बोटभर पोट आलेलं आहे. तो म्हणतो, "पयलेपासूनच तसं हाये." तुमच्याकडे पोट दिसलं नाही तरी पुली उतरवा.