नवा ट्रक, आठ महिन्यांत तीनदा सर्व्हिस सेंटरला नेला. तरी इंजिनचा दिवा लागतो आणि मांजरसुंबा घाटात ओढ कमी पडते. काय करावं?

चौथ्यांदा गाडी सोडताना ‘दिवा बंद करून द्या’ म्हणू नका. स्कॅनरवरचा फॉल्ट कोड (दोषाचा क्रमांक) आणि जुना कोड-इतिहास छापून मागा, आणि तक्रार जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. मी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचंच काम करतो. दिवा लागला आणि त्याच वेळी ओढ गेली की बऱ्याचदा दोष इंजिनात नसतो, धुराच्या यंत्रणेत असतो. धूर मर्यादेबाहेर जातोय असं वाटलं की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम ताकद कमी करतो. कोड नुसता पुसला तर दिवा चार दिवसांनी परत येणारच. आधी हे बघायला लावा:

- डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं द्रावण): त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया लागतो. शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकला असेल (आपल्याकडे टाकतात!) तर वॉरंटीही अडकेल.
- डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर): कारखान्यावर उसाच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवलं की काजळी साचते. रिजनरेशन (गाडी ती काजळी जाळून टाकते ते) अर्ध्यात तोडू नका.
- नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) आणि त्याचं वायरिंग.

एवढं करूनही तोच कोड आला तर कंपनीला लेखी कळवा, मग १९१५ (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षं. मात्र ट्रक पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तरच तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’ ठरता. चार-पाच गाड्यांचा धंदा असेल तर तिथे अडचण येते.