शेरलॉक होम्सने वॉटसनला 'नॉक अप' केलं म्हणजे नक्की काय केलं?

प्रश्न असा आलाय की 'स्पेकल्ड बँड' या गोष्टीत होम्स भल्या सकाळी वॉटसनला म्हणतो, तुला नॉक अप करतोय त्याबद्दल सॉरी, आणि वर सांगतो की घरमालकीण मिसेस हडसनही नॉक अप झाल्यात, तर हे काय प्रकरण? डिक्शनरीत बघितलं तर 'गरोदर करणं' निघालं म्हणे :)

घाबरू नका. तो अर्थ अमेरिकन, साधारण १८१३ पासून सापडतो. ब्रिटिश इंग्लिशमध्ये नॉक अप म्हणजे दार ठोठावून झोपलेल्याला उठवणं, आणि हा वापर त्याहून खूप जुना, सतराव्या शतकातला. 'नॉक मी अप ॲट सिक्स' म्हणजे सहाला उठवा हो मला, बस.

आणि हा चक्क धंदा होता! घरोघरी गजराची घड्याळं नव्हती तेव्हा लँकेशायरच्या गिरणगावांत आणि लंडनच्या ईस्ट एंडला 'नॉकर-अप' नावाची माणसं पहाटे फिरायची, आठवड्याला काही पेन्स घेऊन लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायची, कारण दार बडवलं की पैसे न देणारे शेजारीही फुकटात जागे व्हायचे ना. मेरी स्मिथ नावाच्या बाईंचा १९३०च्या दशकातला फोटो फेमस आहे, त्या तर नळीतून सुके वाटाणे फुंकून खिडकीवर मारायच्या.

जुन्या पुस्तकांत अजून एक अर्थ भेटतो, थकून गळून जाणं, दिवसभर चालून माणूस 'नॉक्ड अप' झाला वगैरे. तो आता गेलाच. टेनिस-स्क्वॉशमध्ये मॅचआधी जरा बॉल मारून हात मोकळा करतात तोही नॉक-अप, आणि क्रिकेटमध्ये सेंच्युरी नॉक अप करतात तेव्हा आपण शतक 'ठोकतो', इथे मात्र दोन्ही भाषांची गंमतशीर जुळणी झालीये.

आता परत होम्सकडे. मजा म्हणजे वॉटसनला जाग येते तेव्हा होम्स कपडेबिपडे करून त्याच्या पलंगाशीच उभा असतो, घड्याळात सव्वासात, दार ठोठावल्याचा कुठे उल्लेखच नाही. म्हणजे तोवर शब्दातलं ठोठावणं झिजून नुसतं उठवणं उरलं होतं. म्हणून मराठीत 'दार वाजवलं' असं करू नये असं माझं मत, आणि नुसतं 'उठवलं' पण फिकं वाटतं कारण त्यात सॉरी म्हणण्यासारखं काय आहे? आपल्याकडे नेमका शब्द आहे, झोपमोड. "माफ कर वॉटसन, पण आज सगळ्यांचीच झोपमोड झालीये. आधी मिसेस हडसनची झाली, तिने माझी केली, आणि मी तुझी."